इल्यूशिन–३८ विमानाचा अपघात
भारतीय नौदलाचे चार टर्बोप्रॉप एंजिनांचे सागरी टेहळणी विमान. इल्यूशिन–१८ या सोव्हिएट प्रवासी विमानावरून ते विकसित करण्यात आले. १९७७ पासून ते गोव्यातील दाबोळी येथील ‘हंसा’ तळावर ३१५ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये होते. समुद्रावर कमी उंचीवरून दीर्घकाळ उडून पाणबुड्यांचा माग काढणे, हे त्याचे जोखमीचे काम. तथापि त्याचा सर्वांत भीषण अपघात तळाजवळच घडला. १ ऑक्टोबर २००२ रोजी स्क्वॉड्रनच्या रौप्यमहोत्सवी संचलनात शेजारी-शेजारी उडणारी दोन विमाने हवेत एकमेकांवर आदळली. दोन्हींतील सर्व १२ जण व जमिनीवरील काही व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. अशा उड्डाणात विमानांमधील अंतर अल्प असल्याने चूक सुधारण्यास अवधी उरत नाही. उर्वरित विमानांचे पुढे रशियात आधुनिकीकरण झाले. २०२३ मध्ये हे विमान सेवेतून निवृत्त झाले.