कोपराची शस्त्रक्रिया आणि घाईची भाकिते

१/ ऑक्टोबर २००४ आणि ऑक्टोबर २००५. दोन्ही वेळा शहर नागपूर, खेळाडू सचिन तेंडुलकर. पहिल्या वेळी कोपराच्या दुखण्यामुळे दोन कसोटी हुकल्यावर तो ऑस्ट्रेलियाविरुद्ध उतरला. धावा ८ आणि २. भारताचा ३४२ धावांनी पराभव. दुसऱ्या वेळी, लंडनमधील शस्त्रक्रियेला पाच महिने झाल्यावर, श्रीलंकेविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात ९६ चेंडूंत ९३. शस्त्रक्रिया झालेल्या कोपराचे भवितव्य कशावरून जोखावे, हा या थ्रेडचा विषय.

२/ त्या ९३ धावा पाहून ‘कोपर बरे झाले’ असा निष्कर्ष काढणे सोपे होते. डिसेंबर २००५ मध्ये दिल्लीला पस्तिसावे कसोटी शतक आले, तेव्हा तो पक्काच वाटला. मग सतरा महिने कसोटी शतक नाही. मार्च २००६ मध्ये वानखेडेवर घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. पाठोपाठ खांद्याची शस्त्रक्रिया. त्या वेळी ‘संपला’ म्हणणारे मूर्ख नव्हते, त्यांच्यापुढचे पुरावे तसेच होते. मे २००७ मध्ये शतकांचा दुष्काळ संपला तोही बांगलादेशात, त्यामुळे शंकेखोरांना आणखी काही काळ मुभा मिळाली! कोपराच्या शस्त्रक्रियेपूर्वी त्याची कसोटी शतके ३४ होती. कारकीर्द संपली तेव्हा ५१.

३/ पण फलंदाजाचे कोपर आणि फेकणाऱ्याचे कोपर यांत फरक आहे. ‘टेनिस एल्बो’ हे कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायुबंधाचे दुखणे. बेसबॉलमधील पिचरच्या कोपराची आतली बाजू ताणली जाते. तिथला अस्थिबंध तुटला की, १९७४ पर्यंत, कारकीर्द संपल्यातच जमा असे. त्या वर्षी २५ सप्टेंबरला डॉ. फ्रँक जोब यांनी लॉस एंजेलिस डॉजर्सच्या टॉमी जॉनच्या उजव्या हातातील स्नायुबंध काढून डाव्या कोपरात बसवला. यशाची शक्यता त्यांनी शंभरात एक सांगितली होती. १९७५ चा अख्खा मोसम जॉन खेळला नाही. परतल्यावर पहिल्या वर्षी १० विजय, दुसऱ्या वर्षी २०. आधीचे विजय १२४, नंतरचे १६४. आज ही शस्त्रक्रिया रुग्णाच्या नावाने ओळखली जाते, शल्यविशारदाच्या नव्हे. वैद्यकाच्या इतिहासात असे क्वचितच घडते.

४/ आपल्याकडचे जवळचे उदाहरण नीरज चोप्राचे. ३ मे २०१९ रोजी मुंबईत त्याच्या उजव्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. त्या वर्षीची दोहा येथील जागतिक स्पर्धा हुकली. २८ जानेवारी २०२० रोजी दक्षिण आफ्रिकेतील पॉचेफस्ट्रूम येथे पुनरागमनातच ८७.८६ मीटर, म्हणजे टोकियोची पात्रता. वर्तमानपत्रांसाठी गोष्ट इथे पूर्ण झाली. माझ्या मते अधिक बोलका आकडा मार्च २०२१ चा आहे. शस्त्रक्रियेपूर्वीची त्याची सर्वोत्तम फेक ८८.०६ मीटर, पतियाळात ती ८८.०७ झाली. एक सेंटीमीटर पुढे जायला बावीस महिने लागले.

५/ आता साधनचिकित्सा. बखर बहुधा उरलेल्यांची लिहिली जाते. जॉन, सचिन, नीरज ही नावे आपल्याला ठाऊक आहेत, कारण ते परतले. जॉनच्याच संघातील सँडी कूफॅक्स १९६६ मध्ये २७ सामने जिंकून, वयाच्या तिसाव्या वर्षी, संधिवाताने झिजलेल्या कोपरामुळे निवृत्त झाला. तो निदान कीर्तिमान होता, म्हणून त्याची नोंद राहिली. अमेरिकेतील दुय्यम लीगमध्ये शेवटच्या काही डावांपुरता मैदानात येणारा पिचर परतला नाही, तर त्याची बखर कोण लिहिणार?

६/ म्हणून परभणीच्या एखाद्या तेज गोलंदाजाने ‘नीरज नऊ महिन्यांत परतला’ हे वाक्य उशाशी ठेवू नये. नेमके काय दुरुस्त झाले, बाहेरचा स्नायुबंध, आतला अस्थिबंध की हाडाचे सुटे तुकडे, हे त्याने आधी विचारावे. पहिल्या षटकाचा वेग पाहण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी कोपर सरळ होते का, हे पाहावे. आणि एक प्रश्न त्याच्या घरच्यांनी, प्रशिक्षकांनी, निवड समितीने स्वतःला विचारावा. जॉन अख्खा मोसम खेळला नाही, तरी डॉजर्सनी त्याची जागा राखली. सचिनच्या मागे मंडळ होते, नीरजच्या मागे सैन्यातली नोकरी. या मुलासाठी दोन मोसम कोण थांबणार आहे?