कोल्हापूरचे बॉक्साइट आणि तांबड्या गाळातील विरल मूलद्रव्ये

भारतातील विरल मृत्तिकांचा इतिहास बहुधा त्रावणकोरच्या किनाऱ्यापासून सांगितला जातो. तेथील वाळूत १९०९ साली मोनाझाइट आढळले आणि १९५० साली इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. या इतिहासात सह्याद्रीला स्थान नाही, आणि खनिजांपुरते बोलावयाचे तर ते योग्यही आहे. परंतु उद्योगाच्या त्याज्य पदार्थांकडे वळल्यास कोल्हापूर जिल्ह्याचा विचार करणे प्राप्त होते.

राधानगरी व शाहूवाडी तालुक्यांतील सड्यांवर जांभ्याचा जाड थर आहे. या जातीच्या खडकास ‘लॅटेराइट’ हे नाव फ्रान्सिस बुकानन याने १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात दिले. मलबारात लोक त्याच्या विटा कापीत, हे त्याने पाहिले होते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या बेसॉल्टवर उष्ण व पावसाळी हवेचा दीर्घकाळ परिणाम होऊन सिलिका, चुना व सोडा वाहून गेले. लोह, ॲल्युमिनियम व टायटॅनियम मागे राहिले. जेथे ॲल्युमिनियमचे प्रमाण पुरेसे वाढले तेथे बॉक्साइट झाले. दुर्गमानवाडीसारख्या खाणींतून निघणारे हे खनिज बेळगाव येथील ॲल्युमिना कारखान्यास पुरविले गेले. इंडियन ॲल्युमिनियम कंपनीने उभारलेला हा कारखाना पुढे हिंडाल्कोकडे आला.

बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढण्याची रीत कार्ल योझेफ बायर या ऑस्ट्रियन रसायनज्ञाची होय. रशियात काम करीत असता त्याने १८८७ ते १८९२ या काळात ती सिद्ध केली. दाहक सोड्याच्या उष्ण द्रावणात ॲल्युमिना विरघळते. लोह व टायटॅनियम विरघळत नाहीत व तांबडा गाळ म्हणून उरतात. एक टन ॲल्युमिनामागे साधारणतः एक ते दीड टन गाळ पडतो. तो तीव्र अल्कधर्मी असल्याने त्याची साठवण हीच कारखान्यांची मोठी विवंचना ठरली. झारखंडातील मुरी येथे एप्रिल २०१९ मध्ये गाळाचा साठा ढासळला, तेव्हा या विवंचनेचे गांभीर्य सर्वांस कळून आले.

या रीतीत विरल मूलद्रव्यांच्या वाटा भिन्न होतात. गॅलियमचा बराचसा भाग ॲल्युमिनियमबरोबर द्रावणात जातो व पुनःपुन्हा वापरल्या जाणाऱ्या त्या द्रावणात साचतो. स्कँडियम, इट्रियम व लँथॅनाइड गटातील मूलद्रव्ये मात्र गाळात राहतात. ॲल्युमिना निघून गेल्याने त्यांचे प्रमाण मूळ बॉक्साइटच्या सुमारे दुप्पट होते. मेंडेलेयेव्हने भाकीत केलेली दोन मूलद्रव्ये, १८७५ साली सापडलेले गॅलियम व १८७९ साली सापडलेले स्कँडियम, अशी एकाच कारखान्यात विभक्त होतात.

त्याज्य पदार्थांत दुर्मिळ धातू शोधण्याची दृष्टी नवी नाही. गोल्डश्मिट याने १९३० नंतर कोळशाच्या राखेत अशा मूलद्रव्यांचा संचय दाखवून दिला. तांबड्या गाळाबाबत ग्रीसमधील संशोधकांनी १९९० नंतर सौम्य नत्राम्लाने स्कँडियम व इट्रियम काढण्याचे प्रयोग केले. त्यांचे आकडे आशादायक आहेत. परंतु ते कोल्हापूरच्या खनिजास जसेच्या तसे लावणे सयुक्तिक नाही. ग्रीसचे बॉक्साइट चुनखडीवर वसलेले आहे. वरून झिरपलेल्या विरल मृत्तिका त्या अल्कधर्मी तळाशी अडकून साचतात. बेसॉल्टवरील जांभ्यात असा तळ नसल्याने त्यांपैकी बराच अंश निघून जाऊ शकतो. स्कँडियमची गोष्ट वेगळी आहे. बेसॉल्टमध्येच ते टनामागे सुमारे तीस ग्रॅम असते, व लोहाच्या ऑक्साइडांना धरून ते जांभ्यात टिकते. म्हणून येथे शोध घ्यावयाचा तो प्रथम स्कँडियमचा.

अडचणीही उघड आहेत. एक टन गाळात पन्नास ग्रॅम स्कँडियम आहे असे गृहीत धरले आणि ते सर्व हाती आले, तरी एक किलोसाठी वीस टन गाळ हाताळावा लागेल. गाळातील सोडा आम्लाचा मोठा भाग खाऊन टाकतो, लोह विरघळून द्रावण दूषित करते आणि सिलिकेचा लगदा गाळणी अडवितो.

तरीही प्रश्न टाळता येणार नाही. भारत सरकारने २०२३ साली जाहीर केलेल्या ३० निर्णायक खनिजांत गॅलियम व विरल मृत्तिका आहेत. चीनने एप्रिल २०२५ मध्ये निर्यातीवर निर्बंध घातलेल्या सात मूलद्रव्यांत स्कँडियम व इट्रियम आहेत. दरम्यान तांबडा गाळ सिमेंटसाठी वापरला जात आहे. साठा कमी होण्याच्या दृष्टीने हे इष्टच होय. परंतु सिमेंटमध्ये एकदा मिसळलेले स्कँडियम पुन्हा वेगळे करण्याजोगे राहत नाही. यास्तव कोणत्या खाणीचे खनिज कोणत्या गाळात गेले व त्यात काय आहे, याचे पृथक्करण गाळ हलविण्यापूर्वी होणे अगत्याचे आहे. सड्यावरील माती एकदाच खोदली जाते. तिच्यातून काय गेले व काय उरले याची नोंद ठेवणे हे या प्रदेशातील भूशास्त्र व रसायनशास्त्र विभागांचे कार्य होय.