फॉन्टच्या खुणेत अडकलेली मराठी

कळंबच्या किनाऱ्यापासून काही मैलांवर असलेल्या सोपाऱ्यास १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा सापडला. पुढे १९५६ साली भुईगावला नवव्या शासनाचा तुकडा मिळाला. ब्राह्मी लिपी जेम्स प्रिन्सेपने १८३७ सालीच उलगडली होती. त्यामुळे हे तुकडे हाती येताच वाचता आले. दोन हजारांहून अधिक वर्षांत दगड फुटला, मजकूर हरवला. परंतु जे अक्षर उरले ते अक्षरच राहिले. याउलट १९९८ सालचे एखादे मराठी वेबपान आज उघडावे, तर मजकूर शाबूत असूनही एक शब्द लागत नाही. या विपरीत घटनेचे मूळ वेबपानांच्या शैलीविषयीच्या एका मर्यादेत आहे, आणि तिचा इतिहास भाषेच्या अभ्यासकांनीही जाणून घ्यावा असा आहे.

युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालीच जागा मिळाली होती. परंतु घरोघरीच्या संगणकावर ती नीट उमटू लागली ती विंडोज २००० आल्यानंतर. मधल्या काळात फॉन्ट घडवणाऱ्यांनी एक तोड काढली. रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे आकार बसवायचे! कृतिदेव फॉन्टात 'मराठी' हा शब्द संगणकाच्या लेखी 'ई, जे, के, मोठी बी, एच' असा साठवलेला असतो. त्यावर फॉन्टचा वेश चढला तरच डोळ्यांना 'मराठी' दिसते. म्हणजे जे आपण अक्षर समजत होतो ती वास्तविक शैली होती.

ही शैली पानाला सांगायची कशी? प्रत्येक परिच्छेदाच्या आरंभी फॉन्टच्या नावाची खूण करायची आणि शेवटी ती मिटवायची. मध्येच इंग्रजी शब्द आला की खूण मिटवून पुन्हा उघडायची. मिटवायची राहिली तर पुढचे सारे इंग्रजी देवनागरी वेलांट्या-मात्रांचा गोंधळ होऊन बसे. कृतिदेवात 'ढ' हे अक्षर कोनी कंसाच्या घरात होते. आणि त्याच कंसाने ब्राउझरच्या खुणा सुरू होतात. तेव्हा साधा 'ढ' लिहितानाही ब्राउझरची समजूत वेगळ्या संकेताने काढावी लागे.

याहून मोठी अडचण मूलभूत होती. ओळीत लिहिलेली शैली फॉन्टचे नाव सांगू शकते, फॉन्ट आणून देऊ शकत नाही. वाचकाच्या संगणकावर तो नसेल तर वेश गळून पडे आणि खाली रोमन अक्षरांची रास उरे. डिसेंबर १९९७ मध्ये एचटीएमएल ४.० ने फॉन्टची जुनी खूण टाकाऊ ठरवली आणि स्टाइल हा नवा गुणधर्म दिला. परंतु फॉन्टची फाइल मागवण्याचा नियम त्यातही लिहिता येत नव्हता, आजही येत नाही. त्या नियमाची जागा शैलीपत्रकात.

मग पळवाटा निघाल्या. कोणी मजकुराचे चित्र करून लावले. ते दिसे, पण शोधता वा उतरवून घेता येत नसे. कोणी पानाच्या माथ्यावर 'फॉन्ट उतरवून घ्या' अशी सूचना दिली. कोणी 'डायनॅमिक फॉन्ट' वापरले. त्यांत इंटरनेट एक्स्प्लोररला एका प्रकारची फाइल लागे, नेटस्केपला दुसऱ्या प्रकारची, म्हणून दोन्ही ठेवाव्या लागत. पळवाटा कल्पक होत्या यात शंका नाही. मात्र त्या सर्वांनी मराठी दिसण्याची सोय केली, असण्याची नव्हे.

छापखान्यातही आकारच जुळवले जात. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनामागून येते, पण खिळे जुळवणारा ती आधी लावी. जुन्या फॉन्टांनीही हाच क्रम उचलला. फरक इतकाच, की छापखाना मोडला, खिळे वितळवले, तरी कागदावरचे अक्षर वाचता येते. वेबपानावर मात्र वाचणाऱ्यालाही तेच खिळे लागतात. युनिकोडने हा पेच सोडवला तो शैली सुधारून नव्हे, तर अक्षराची ओळख शैलीतून काढून घेऊन. आज वेश बदलला वा हरवला, तरी 'म' हा 'म'च राहतो.

प्रश्न मागे उरलेल्या पानांचा आहे. मराठी पत्रकारिता आणि परदेशस्थ मराठी माणसांचे लेखन यांचे महाजालावरचे पहिले दशक बऱ्याच अंशी या जुन्या फॉन्टांत आहे. ते युनिकोडमध्ये आणता येते. कोणत्या घरात कोणता आकार, याचा तक्ता हाती असला की काम यंत्र करते. परंतु प्रत्येक फॉन्टकुळाचा तक्ता निराळा. पानावरचा मजकूर कोणत्या फॉन्टातला, कोणता तुकडा मराठी आणि कोणता इंग्रजी, हे कळण्याचे सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे ओळीओळीत पेरलेली तीच अजागळ खूण!

ज्या खुणेला आपण अडाणी काळाचे अवशेष समजतो, तीच आता त्या मजकुराची किल्ली आहे. जुने संकेतस्थळ नव्या घरात हलवताना सफाईच्या उत्साहात या खुणा प्रथम पुसल्या जातात आणि रूपांतराचा विचार मागून येतो. क्रम उलटा हवा. आधी मूळ पान खुणांसह जसेच्या तसे जपावे, सोबत फॉन्टची फाइल ठेवावी, मग रूपांतर करावे आणि ते मराठी जाणणाऱ्याने तपासावे. कारण रफार आणि जोडाक्षरे यांत यंत्र हटकून चुकते. हे काम महाविद्यालयांच्या मराठी विभागांना सहज पेलणारे आहे. पाठचिकित्सा आपण पोथ्यांसाठी शिकवतोच. तिची गरज आता पंचवीस वर्षांपूर्वीच्या वर्तमानपत्रालाही आहे.