मूत्राशयाचा उपजत पहारा

इ. स. १८८२ या सालीं दोन शोध लागले. पहिला आमच्या गासच्या शेजारीं, सोपाऱ्यास. एप्रिल महिन्यांत पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं ‘बुरुड राजाचा कोट’ या नांवानें ओळखला जाणारा ढिगारा खणविला. आंत दगडी पेटी, पेटींत तांब्याचा करंडा, त्यांत रुप्याचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा व अखेर सोन्याचा, असे एकांत एक करंडे निघून शेवटीं मातीच्या भिक्षापात्राच्या खापऱ्या हातीं आल्या. दुसरा शोध वर्षाच्या अखेरीस सिसिली बेटांतील मेसिना येथें लागला. एल्या मेच्निकॉफ या रशियन प्राणिशास्त्रज्ञानें तारामाशाच्या पारदर्शक डिंभांत गुलाबाचा कांटा खुपसून ठेवला, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं सूक्ष्मदर्शकांतून पाहिलें तों शरीरांतील फिरत्या पेशी त्या कांट्याभोंवतीं गोळा झालेल्या! पहिल्या शोधाची हकीकत आमच्याकडील जाणत्या माणसांस ठाऊक असते; दुसऱ्याची सहसा नसते, आणि प्रकृतीशीं संबंध तर दुसऱ्याचाच.

जंतु अंगांत शिरले कीं शरीर आपण होऊन त्यांवर धांवून जातें, हें मेच्निकॉफचें म्हणणें पुष्कळांस रुचलें नाहीं. पुवांतील पांढऱ्या पेशी जंतूंना मारीत नसून उलट त्यांना शरीरभर नेऊन पोंचवितात, असा तत्कालीन विद्वानांचा समज होता. जर्मन पंडितांचा भर रक्तांतील द्रवावर. वाद वर्षानुवर्षें चालला, व १९०८ चें नोबेल पारितोषिक मेच्निकॉफ आणि प्रतिपक्षाचे पाउल एर्लिख या दोघांस विभागून मिळालें. दोघांच्याही पदरांत सत्याचा वांटा होता.

या वादाची मुंबईशीं गांठ पडली ती मेच्निकॉफच्या ओडेसा येथील शिष्यामुळें. त्याचें नांव वाल्डेमार हाफकिन. १८९६ च्या प्लेगांत तो मुंबईस आला, प्लेगची लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. परळच्या संस्थेस १९२५ सालीं त्याचें नांव मिळालें. लस शरीराला शत्रूची ओळख पटवून देते. तो शिकविलेला प्रतिकार. गुरूनें जन्मभर उपजत बळाची बाजू लढविली, आणि शिष्याच्या कीर्तीमुळें आमच्या लोकांस प्रतिकार म्हणजे सुई एवढाच अर्थ ठाऊक झाला, ही मोठी गमतीची गोष्ट आहे.

परंतु शरीरांत अशीं स्थळें आहेत कीं जेथें शिकविलेला प्रतिकार दुबळा पडतो. मूत्रमार्ग त्यांपैकीं एक. देवीचा रोग एकदां होऊन गेला कीं माणूस बहुधा जन्माचा सुटे. लघवीच्या जळजळीचें तसें नाहीं. शेंकडा पन्नासांहून अधिक स्त्रियांस हा विकार आयुष्यांत एकदां तरी होतो, व त्यांतल्या पुष्कळ जणींस फिरून होतो. बहुतेक वेळां अपराधी असतो तो १८८५ सालीं थिओडोर एशेरिख यानें वर्णिलेला, आपल्याच आंतड्यांत राहणारा जंतु. पुरुषाचा मूत्रमार्ग सुमारें वीस सेंटिमीटर लांब, तर स्त्रीचा अवघा चार. त्यामुळें जंतूस वाट थोडी.

या जंतूच्या अंगावर केसांसारखे तंतु असतात. तंतूच्या टोंकाचा आंकडा मूत्राशयाच्या अस्तरावरील एका विशिष्ट शर्करेस पकडून बसतो. एकदां असा पाय रोवला कीं लघवीच्या धारेनें तो निघत नाहीं. यावर शरीराची युक्ति पाहण्यासारखी आहे. १९५० सालीं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंत इगोर टॅम व फ्रँक हॉर्सफॉल हे इन्फ्लुएंझाच्या विषाणूचा अभ्यास करीत असतां त्यांस निरोगी माणसाच्या लघवींत एक प्रथिन सांपडलें. तें मूत्रपिंडांत तयार होतें, व निरोगी लघवींत त्याच्याइतकें विपुल दुसरें प्रथिन नाहीं. तें कशासाठीं, हें कित्येक वर्षें उमगलें नाहीं. पुढें २००४ सालीं असें दिसून आलें कीं, ज्या उंदरांत तें नसतें त्यांच्या मूत्राशयांत हे जंतु सहज ठाण मांडतात. २०२० सालीं झूरिकच्या शास्त्रज्ञांनीं त्याची करणी उघड केली: या प्रथिनाच्या लांबच लांब धाग्यांवर जंतूस हवी तीच शर्करा टांगलेली असते. जंतु अस्तर सोडून या आमिषासच डसतो, धाग्यांत गुरफटतो आणि लघवीबरोबर वाहून जातो.

तरीही कांहीं जंतु अस्तराला चिकटलेच, तर वरच्या थराच्या पेशी जंतूंसकट गळून पडतात. शरीर जंतूंना लागणारें लोह लपवून ठेवतें. आणि हांकेसरशीं मेच्निकॉफच्या पांढऱ्या पेशी धांवत येतात. लघवींत पू दिसतो तो हाच. ही फळीही फुटली आणि थंडी वाजून ताप भरला, कुशींत दुखूं लागलें, तर घरगुती काढ्यांवर न विसंबतां डॉक्टरांकडे जावें.

आतां यांतली मुख्य गोष्ट ही कीं आमिषानें धरलेला शत्रु बाहेर जावयाचा तो प्रवाहाबरोबर. प्रवाहच अडविला तर पहारा लंगडा पडतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील सातवा अध्याय वेग अडवूं नयेत याविषयींच आहे, आणि मूत्राचा वेग दाबल्यास बस्तीमध्यें वेदना, मूत्रकृच्छ्र व डोकेदुखी होते असें तेथें सांगितलें आहे. चरकास जंतु ठाऊक होते असा ओढूनताणून अर्थ काढणें आम्हांस मान्य नाहीं. त्याचें निरीक्षण सूक्ष्म होतें, एवढें पुरे.

विरारहून मुंबईस लोकल गाडी १८६७ पासून जाते. गास-निर्मळच्या बागायती पट्ट्यांतल्या स्त्रिया पूर्वीं भाजी व फुलें घेऊन निघत. आज त्यांच्या नाती कचेऱ्यांत जातात. बाहेर सोय नाहीं म्हणून निघण्यापूर्वीं पाणी पिणें टाळावयाचें, ही रीत मात्र बदललेली नाहीं. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत हा विकार वारंवार होणाऱ्या १४० स्त्रियांपैकीं निम्म्यांस रोज दीड लिटर पाणी अधिक प्यावयास दिलें. वर्षभरांत त्यांस विकार सरासरी १.७ वेळां झाला, इतरांस ३.२ वेळां. मुंबईंत २०११ पासून स्त्रियांनीं मुताऱ्यांच्या हक्कासाठीं चळवळ चालविली, आणि पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ मासिकाच्या अर्जावर मुंबईच्या उच्च न्यायालयानें २०१५ सालीं महानगरपालिकांना स्त्रियांसाठीं स्वच्छतागृहांची योजना आंखण्यास सांगितलें. नालासोपाऱ्याहून चर्चगेटास सव्वा-दीड तास धांवणाऱ्या लोकलच्या डब्यांत शौचकूप अजून नाहीं.