विजारीतला मधला तुकडा

घरी विजार शिवायला घेणारा मनुष्य प्रथम कंबर मोजतो, मग लांबी. दोन्ही मापे बरोबर उतरतात. पण टेकडी चढताना पाय उचलला की कापड मांडीवर ताठते, कंबर मागून खाली ओढली जाते आणि उकिडवे बसताच शिवण कुरकुरते. दोष कमरेचा नव्हे. दोन पाय जेथे एकत्र येतात, त्या जागेचा तो दोष असतो. विजारीचा इतिहास पाहू गेल्यास या जागेचे कोडे फार जुने आहे.

चीनच्या वायव्येस शिंच्यांगमध्ये तुरफान नावाचे अतिशय कोरडे खोरे आहे. तेथील यांगहायच्या दफनभूमीत लोकरीच्या दोन विजारी सापडल्या. इ. स. पूर्व १३ वे ते १० वे शतक हा त्यांचा काळ संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केला. ज्ञात विजारींत त्या सर्वांत जुन्या मानल्या जातात. त्या नेसलेले दोघेही पुरुष चाळिशीच्या सुमाराचे. चाबूक, धनुष्य अशा स्वारांच्या वस्तू त्यांच्यासोबत पुरलेल्या होत्या.

नवल पुढेच आहे. या कापडाला कात्री लागलेली नाही! दोन पायांचे दोन तुकडे हव्या त्या मापाचे मागावरच विणले आणि त्यांच्यामध्ये पायऱ्यापायऱ्यांच्या कडांचा, पोटाशी रुंद असा तिसरा तुकडा शिवला. दोन नळ्या नुसत्या एकमेकींस जोडल्या, तर पाय फाकताच कापड अपुरे पडते. ती उणीव हा तिसरा तुकडा भरून काढतो. आपल्या अंगरख्यात बगलेखाली चौबगला घालतात, त्यामागील विचार हाच. २०२२ च्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: मधल्या भागाला ताण सोसणारी तिरपी वीण, तर गुडघ्यांना जाड, दाट वीण. तीन सहस्र वर्षांपूर्वीच्या त्या विणकराला झीज कोठे होते आणि ओढ कोठे बसते, हे नेमके ठाऊक होते.

घोड्याबरोबर विजार पश्चिमेस गेली. शक लोक ती वापरीत, असे हिरोडोटस सांगतो. रोमनांना मात्र ती रानटी वाटे, इ. स. ३९७ च्या सुमारास रोम शहरात ती घालण्यास बादशाही मनाई झाली. मराठीत सुरवार, तुमान, विजार, पायजमा हे शब्द फारसीच्या वाटेने आले. जोधपुरी ब्रीचेस हे त्याच कुळातले: कापड ताणत नसे, म्हणून मांडीला घोळ आणि पोटरीला घट्टपणा.

पायी भटकणाऱ्याने यातून घ्यावे ते इतकेच. खुर्चीवर ताठ बसून कमरेपासून बैठकीपर्यंतचे अंतर बाजूने मोजावे आणि त्यात थोडी सैल जागा धरावी. फार मात्र धरू नये. ही जागा जितकी खाली लोंबेल तितका पाय अधिक अडखळतो; ढगळपणालाच सुख मानणारे शिंपी येथेच चुकतात. त्याऐवजी मधल्या शिवणीत शंकरपाळ्याच्या आकाराची पाचर घालावी. आधी मांजरपाटाची कच्ची विजार टाचून जिना चढावा, उकिडवे बसावे, आणि कापड जेथे ताठेल तेथे खूण करून मगच चांगल्या कापडाला कात्री लावावी.