पिंपरीच्या मातीतले औषध आणि रक्तात शिरणारी बुरशी

१/ मे २०२१. कोरोनातून वाचलेल्यांना म्युकरमायकोसिसने गाठले. लातूर-नांदेडसह राज्यभर नातेवाईक एकाच इंजेक्शनसाठी वणवण फिरत होते: अँफोटेरिसिन बी. या औषधाचे एक भावंड मात्र साठ वर्षांपूर्वी महाराष्ट्राच्याच मातीत सापडले होते. त्याची ही कथा.

२/ बुरशीविरोधी औषधे मुळातच थोडी आहेत. जिवाणूची पेशी माणसाच्या पेशीहून पुष्कळ वेगळी असते; बुरशीची बरीच जवळची. म्हणून बुरशीवरचा घाव रुग्णालाही लागतो. १९५० च्या दशकात व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीच्या परिसरातील मातीतून मिळालेले अँफोटेरिसिन प्रभावी ठरले, पण मूत्रपिंडांना जाचक.

३/ भारत सरकारने १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स’ स्थापन केली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफचे तिला साहाय्य होते. पेनिसिलिन स्वदेशात बनवणे हा मुख्य हेतू. परंतु तेथे नव्या औषधांचा शोधही चाले.

४/ १९६१ मध्ये तेथील शास्त्रज्ञ एम. जे. तिरुमलाचार यांनी ‘हमायसिन’ शोधले. ते निर्माण करणाऱ्या सूक्ष्मजीवाला नाव मिळाले ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’. पिंपरीचे नाव असे विज्ञानाच्या परिभाषेत कायमचे कोरले गेले.

५/ मग २०२१ मध्ये ते कामी का आले नाही? हमायसिन पाण्यात नीट विरघळत नाही आणि तोंडावाटे घेतल्यास रक्तात फारसे उतरत नाही. त्यामुळे त्याचा वापर मुख्यतः तोंड, त्वचा, कान यांच्या बुरशीपुरता राहिला. अँफोटेरिसिनला मात्र स्निग्ध कणांत बसवून कमी जाचक करण्यात आले. अशा भारतीय औषधाच्या चाचण्या मुंबईच्या केईएम रुग्णालयातही झाल्या.

६/ दरम्यान शत्रू बदलत होता. २००९ मध्ये जपानमधील एका रुग्णाच्या कानात ‘कँडिडा ऑरिस’ आढळली. २०१३ मध्ये दिल्लीतील रुग्णांच्या रक्तातील संसर्गाचा अहवाल आला. फ्लुकोनॅझोलला ती बहुधा दाद देत नाही. तिचे काही वाण अँफोटेरिसिनलाही नाही.

७/ ती अतिदक्षता विभागातील खाटा, उपकरणे आणि हातांवरून पसरते. शिरेतील नळीवाटे रक्तात शिरते. साध्या तपासणीत तिची ओळख चुकू शकते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला सर्वाधिक गंभीर बुरशींत गणले.

८/ रक्तातील अशा संसर्गावर औषधांचे मुख्य वर्ग आजही तीनच. एक वर्ग निकामी झाला की उरतात दोन. म्हणून जिल्हा रुग्णालयातील प्रयोगशाळा, वेळेवर काढलेली नळी आणि धुतलेले हात यांचे मोल एखाद्या नव्या औषधाइतकेच आहे.