‘लोस ओल्विदादोस’ : बदनामी नेमकी कुणाची?

१९५० सालच्या सुरुवातीची गोष्ट. मेक्सिको सिटीत एका सिनेमाचं शूटिंग सुरू होतं. प्रसंग असा की, पेद्रो नावाचा पोरगा दिवसभर उनाडून घरी येतो, खायला मागतो आणि आई त्याला झिडकारते. हे बघून सेटवर केशभूषा करणारी बाई भडकली. मेक्सिकोतली कुठलीच आई पोटच्या पोराशी असं वागणार नाही, असं म्हणून तिनं कामच सोडून दिलं. दिग्दर्शक लुईस बुन्युएलनं आपल्या आत्मचरित्रात हा किस्सा नोंदवलाय. एका मेक्सिकन आईनं आपलं मूल रेल्वेतून बाहेर फेकल्याची बातमी त्यानं त्याच दिवसांत पेपरात वाचली होती, हेही तो सांगतो.

कॉलेजात असताना फिल्म क्लबमध्ये हा सिनेमा पाहिला, तेव्हा त्या बाईचा किस्सा मी हसण्यावारी नेला होता. आता तसं वाटत नाही.

सिनेमाचं नाव ‘लोस ओल्विदादोस’, म्हणजे विसरले गेलेले. बुन्युएल मूळचा स्पेनचा. तिथल्या यादवी युद्धात जनरल फ्रँको जिंकला आणि बुन्युएलसारख्यांना परतायची वाट राहिली नाही. अमेरिकेत काही वर्षं काढून १९४६ला तो मेक्सिकोत आला. ऑस्कर दान्सिगेर्स या निर्मात्यासाठी त्यानं ‘एल ग्रान कालावेरा’ नावाचा विनोदी सिनेमा केला. तो चालला, म्हणून पुढच्या सिनेमासाठी थोडी मोकळीक मिळाली. मग जुनेपाने कपडे घालून हा माणूस कित्येक महिने शहराच्या झोपडपट्ट्यांमधून फिरला. लोकांशी बोलला. बालसुधारगृहातल्या मुलांच्या फायली त्यानं वाचून काढल्या. एवढ्या तयारीनंतर शूटिंग मात्र अवघ्या २१ दिवसांत उरकलं.

त्या काळचा मेक्सिको समजून घेतल्याशिवाय पुढचा गदारोळ कळणार नाही. राष्ट्राध्यक्ष होते मिगेल आलेमान. रस्ते, धरणं, कारखाने, उंच इमारती, नवं विद्यापीठ नगर. देश ‘आधुनिक’ होत असल्याचा गाजावाजा चालू होता. दुसऱ्या बाजूला आईचा गौरव जवळजवळ सरकारी धर्मच झाला होता. १९२२मध्ये ‘एक्सेल्सिओर’ या दैनिकानं १० मे हा मातृदिन सुरू केला. १९४९च्या मातृदिनी राजधानीत आईचं भव्य स्मारक उभं राहिलं. पडद्यावर गरीब होते, नाही असं नाही. १९४८चा ‘नोसोत्रोस लोस पोब्रेस’, म्हणजे ‘आम्ही गरीब’, तुफान चालला होता. त्यात पेद्रो इन्फान्ते गातो, रडतो आणि शेवटपर्यंत सच्चा राहतो. गरीब म्हणजे फाटक्या कपड्यातला सज्जन, हे प्रेक्षकांच्या अंगवळणी पडलं होतं.

बुन्युएलचे गरीब तसे नाहीत. सुधारगृहातून पळून आलेला हाइबो हा पोरांचा म्होरक्या. हुलियाननं आपली चुगली केली, या संशयावरून तो त्याला दगडानं आणि दांडक्यानं मारतो. ते पाहणारा पेद्रो त्या खुनात अडकतो. बाजारात बापानं सोडून दिलेला ओहितोस नावाचा आदिवासी मुलगा बापाची वाट बघत बसतो. बाप येत नाही. पोरं एका आंधळ्या भिकाऱ्याला छळतात. पण तो आंधळाही काही बिचारा नाही. हुकूमशहा पोर्फिरिओ दियासचं राज्य परत यावं म्हणून तो झुरतो आणि लहान मुलीवर वाईट नजर ठेवतो. म्हणजे कीव करायची तर कुणाची, हाच पेच.

आणि ती आई. बालन्यायालयात तिला विचारतात, की मुलावर तुझी माया का नाही? ती सांगते, मी स्वतः पोर होते, प्रतिकार करू शकले नाही, याचा बाप कोण तेही मला माहीत नाही. स्मारकातल्या आईला अशी कहाणी नसते. माझ्या मते सगळा राग इथे होता. खून, चोरी, भीक हे लोकांनी पचवलं असतं.

९ नोव्हेंबर १९५० रोजी सिनेमा लागला आणि काही दिवसांतच उतरला. कामगार संघटना आणि इतर मंडळांनी बुन्युएलला देशाबाहेर काढण्याची मागणी केली. वृत्तपत्रांनी झोडपलं. एका खासगी खेळानंतर स्पॅनिश कवी लिओन फेलिपे यांची मेक्सिकन पत्नी नखं सरसावून त्याच्या अंगावर धावली. चित्रकार सिकेरोस मात्र तिथेच त्याच्या बाजूनं उभा राहिला. गायक-नट होर्हे नेग्रेते कलाकारांच्या संघटनेचा नेता होता. आपण देशात असतो तर हा सिनेमा बनूच दिला नसता, असं त्यानं बुन्युएलला तोंडावर सुनावलं. पोरांच्या तोंडची रांगडी भाषा पेद्रो दे उर्दिमालास या लेखकानं लिहून दिली होती, पण त्यानं श्रेयनामावलीत नाव येऊ दिलं नाही. गंमत म्हणजे ‘नोसोत्रोस लोस पोब्रेस’च्या लेखनातही त्याचा हात होता.

यातल्या बहुतेकांना मी दांभिक म्हणेन. केशभूषा करणाऱ्या त्या बाईला म्हणवत नाही. ती मजूर बाई होती, आणि कोण कुठला परदेशी आपल्या आईपणाची मापं काढतोय, असं तिला वाटलं असेल तर ते समजण्यासारखं आहे. आमच्या मोहल्ल्याबद्दल कुणी खरं लिहिलं की पहिला सवाल हाच येतो – बाहेरच्यांना हे कशाला सांगता? सवाल विचारणारा नेहमी लबाड नसतो. आयुष्यभर ज्याला ‘तुम्ही लोक असेच’ हे ऐकावं लागलंय, त्याला आरशाचीही धास्ती वाटते. पण त्या धास्तीचा फायदा घेणारे वेगळेच असतात. नेग्रेतेला झोपडपट्टीत राहायचं नव्हतं, आणि आलेमानच्या मंत्र्यांनाही नाही. शिवाय या भांडणात एक माणूस कुठेच बोलताना दिसत नाही : हुलियान किंवा पेद्रोच्या वयाचा, त्याच वस्तीतला पोरगा. त्याला कुणी विचारल्याची नोंद मला तरी सापडली नाही.

आपल्याकडेही हे झालंय. १९८०मध्ये नर्गिस यांनी सत्यजित रे परदेशात भारताची गरिबी विकतात, असा आरोप राज्यसभेत केला. मेहबूब खानच्या सिनेमात भारतमातेचं रूप झालेली अभिनेत्री हे बोलावी, यातही आईच आडवी आली म्हणायची!

मेक्सिकोत वारं फिरलं ते फ्रान्समुळे. कवी ऑक्टाविओ पाझ तेव्हा पॅरिसच्या मेक्सिकन दूतावासात नोकरीला होता. वरिष्ठांची नाराजी पत्करून त्यानं बुन्युएलवर लेख लिहिला आणि एप्रिल १९५१मध्ये कान महोत्सवात थिएटरच्या दाराशी उभं राहून त्याच्या प्रती स्वतः वाटल्या. सरकारी नोकरानं असं करणं सोपं नव्हतं. बुन्युएलला उत्कृष्ट दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं. मग काय, मायदेशी सिनेमा पुन्हा लागला, गर्दीत चालला आणि मेक्सिकोच्या आरिएल पुरस्कारांमध्ये त्यानं ११ पुरस्कार पटकावले. देशाची अब्रू घालवणारा सिनेमा काही महिन्यांत देशाची शान झाला. सिनेमातली एक फ्रेमही बदलली नव्हती.

डाव्यांचाही एक नमुना सांगायलाच हवा. फ्रेंच समीक्षक जॉर्ज सादूल बुन्युएलचा मित्र आणि कम्युनिस्ट. पक्षाला हा सिनेमा ‘बूर्झ्वा’ वाटला, म्हणून सादूलनं लिहिण्याचं टाळलं. कारण काय, तर सुधारगृहाचा संचालक पेद्रोवर विश्वास टाकतो आणि एका प्रसंगात पोलीस दिसताच मुलाला फूस लावणारा माणूस पळतो. पुढे सोव्हिएत दिग्दर्शक पुदोव्हकिननं ‘प्रावदा’त कौतुक केलं आणि फ्रेंच पक्षाचं मत एका रात्रीत पालटलं.

अनेक वर्षांनी मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या फिल्म संग्रहात या सिनेमाचा दुसरा शेवट सापडला. त्यात हाइबो मरतो आणि पेद्रो हिरावलेले पैसे घेऊन सुधारगृहात परततो. विरोध झाला तर हाताशी असावा म्हणून तो करून ठेवला असणार. वापरला नाही, हे बरं झालं. प्रत्यक्ष सिनेमात हाइबो पेद्रोला मारतो. पोलिसांचं झंझट नको म्हणून मेचे नावाची मुलगी आणि तिचा आजा प्रेत पोत्यात घालून गाढवावर लादतात. वाटेत त्यांना पेद्रोची आई भेटते. ती आता मुलाला शोधत निघालीय. दोघांशी दोन शब्द बोलून ती पुढे जाते आणि ते प्रेत कचऱ्याच्या उतारावर ढकलून देतात.

२००३मध्ये युनेस्कोनं हा सिनेमा ‘जगाची स्मृती’ या यादीत घेतला. विसरलेल्यांच्या सिनेमाचा असा बंदोबस्त झाला.

पाझ मात्र त्याच वर्षी, नोव्हेंबर १९५१ला, बोटीनं मुंबईत उतरला. दिल्लीच्या दूतावासात त्याची बदली झाली होती. १९६२ला तो भारतात राजदूत म्हणून परत आला. तोवर सिनेमातल्या नोनोआल्को भागातल्या झोपड्या हटवून तिथे त्लातेलोल्कोची प्रचंड गृहवसाहत उभी राहत होती. आलेमानच्या पिढीनं स्वप्नात पाहिलेला आधुनिक मेक्सिको. त्याच वसाहतीच्या चौकात २ ऑक्टोबर १९६८ रोजी लष्करानं विद्यार्थ्यांवर गोळ्या चालवल्या. दहा दिवसांनी ऑलिम्पिक सुरू व्हायचं होतं आणि जगापुढे देशाचं नाव खराब होऊ द्यायचं नव्हतं. बातमी दिल्लीत पोहोचली, तेव्हा पाझनं राजदूतपद सोडलं.